गणिताचे पदवीधर, कायद्याचे डॉक्टर

मागच्या वर्षी मे महिन्यात नवे पोप निवडले गेले, तेव्हा आमच्याकडे टीव्हीवर बातम्या चालू होत्या. निवेदक म्हणाला, "पोप लिओ चौदावे हे कॅनन लॉचे डॉक्टर आहेत." नातवाने लगेच विचारलं, "आजी, कॅनन म्हणजे तो कॅमेरावाला कॅनन?" मी म्हटलं, "नाही रे." "मग तोफ?" "तोफही नाही."

मग त्याला सांगायला बसले आणि लक्षात आलं, की वीस वाक्यांत सांगण्यासारखं हे प्रकरण नाही. शिवाय त्यात माझी स्वतःची एक जुनी बाकी आहे. तेव्हा म्हटलं, ब्लॉगवरच लिहावं. घरातली मंडळी वाचतील आणि नेहमीचे ब्लॉगवाले मित्रही. चुकलं तर दुरुस्त करतील!

माझा जन्म गिरगावातला, चाळीतला. ख्रिस्ती माणसं आम्हाला परकी नव्हती. खोताच्या वाडीतली लाकडी जिन्यांची घरं, नाताळातले कागदी तारे, सेंट टेरेसा चर्चची घंटा, हे सगळं आमच्या रोजच्या जगण्यातलं. पुढे लग्न होऊन दादरला आले, तर तिथे बसच्या कंडक्टरने "पोर्तुगीज चर्च" म्हणून आरोळी ठोकली की उतरायचं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांनी बांधलेलं ते चर्च. आत्ताची इमारत १९७० च्या दशकातली, चार्ल्स कोरिया यांनी आखलेली. पण खरं सांगते, त्या दारातून आत जे चालतं त्याबद्दल मला काडीची माहिती नव्हती. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. वडील म्हणाले, "मोठा माणूस आलाय." एवढ्यावर आमचं ज्ञान संपलं.

परळच्या शाळेत लागले तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर गणिताच्या बाई बसायच्या. त्या ईस्ट इंडियन. हे नाव ऐकून पुष्कळांचा गोंधळ होतो. ही माणसं पूर्वेकडून आलेली नाहीत. मुंबई, साष्टी, वसई इथलीच, मराठी बोलणारी. पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेली. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' काढली आणि हे नाव रूढ झालं. बाहेरून कामाला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, इथले मूळचे, हे सरकारला कळावं हा त्यामागचा व्यवहारी हेतू. आमच्या या बाई घरी आगरी-कोळी वळणाचं मराठी बोलायच्या आणि वर्गात माझ्यापेक्षा शुद्ध!

एकदा त्या फार अभिमानाने म्हणाल्या, "बाई, आमचे आर्चबिशप गणिताचे पदवीधर आहेत, ठाऊक आहे? आणि आमच्यातलेच. मरोळचे."

ते म्हणजे सायमन इग्नेशियस पिमेंटा. आज मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे ते हेच.

पिमेंटा यांचा जन्म १ मार्च १९२० चा, मरोळ गावातला. आता मरोळ म्हटलं की मेट्रो आणि ऑफिसांच्या काचेच्या इमारती आठवतात. तेव्हा ते शेतीचं गाव होतं. मुंबई विद्यापीठातून त्यांनी गणिताची पदवी घेतली, मग सेमिनरीत गेले आणि २१ डिसेंबर १९४९ रोजी त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पुढे त्यांना रोमला पाठवण्यात आलं. तिथल्या उर्बान विद्यापीठात त्यांनी कॅनन लॉमध्ये डॉक्टरेट मिळवली.

आता हा कॅनन लॉ म्हणजे काय? 'कॅनन' हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ मोजपट्टी, म्हणजेच नियम. कॅथलिक धर्मसंस्था आपला कारभार ज्या कायद्याने चालवते तो हा कायदा. बिशप कोणी नेमायचा, त्याने किती वयापर्यंत राहायचं, चर्चच्या मालमत्तेचे व्यवहार कसे करायचे, संन्यस्तांचे हक्क काय, लग्न कधी वैध आणि कधी नाही... सगळं त्यात येतं. इसवी सन ११४० च्या सुमारास ग्रेशियन नावाच्या पंडिताने शेकडो वर्षांचे विखुरलेले आणि परस्परविरोधी नियम एकत्र करून त्यांची संगती लावली, तिथून या शास्त्राला आकार आला. आपल्याकडे भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना स्मृती, टीका, निबंध यांची जशी संगती लावली, तशीच काहीशी ही कामगिरी. फरक एवढाच, की आपल्याकडे शेवटचा शब्द कोणाचा हे कधी ठरलं नाही. त्यांच्याकडे ते ठरलेलं आहे. आणि म्हणूनच तिथे १९१७ साली २४१४ कलमांची एक संहिता तयार होऊ शकली.

ही संहिता पुढे जुनी वाटू लागली. २५ जानेवारी १९५९ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी ती बदलण्याचं जाहीर केलं. काम चाललं तब्बल चोवीस वर्षं! २५ जानेवारी १९८३ रोजी नवी संहिता जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ नोव्हेंबरपासून लागू झाली. कलमं उतरून १७५२ वर आली. आणि यातलं शेवटचं कलम काय सांगतं? धर्मगुरूंच्या बदल्यांचे रूक्ष नियम सांगता सांगता ते संपतं ते या अर्थाच्या शब्दांवर, की आत्म्यांचं कल्याण हाच चर्चमधला सर्वोच्च कायदा. आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या मला हे फार आवडलं. सगळे नियम सांगून झाल्यावर, नियम कशासाठी याची आठवण.

पिमेंटा रोमहून परतले आणि कारभाराच्या कामाला जुंपले गेले. आर्चबिशपांचे सचिव, कुलसचिवांच्या कचेरीतलं काम, कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलचे प्रमुख, गोरेगावच्या सेमिनरीचे प्रमुख. भाषणं गाजवणारी ही कामं नव्हेत. कागद नीट ठेवणारा, तारखा न चुकवणारा, दोन्ही बाजू ऐकून घेणारा माणूस इथे लागतो. १९७१ मध्ये ते साहाय्यक बिशप झाले. ११ सप्टेंबर १९७८ रोजी कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस वारले आणि पिमेंटा मुंबईचे आर्चबिशप झाले.

या पदाला मुंबईत केवढा इतिहास आहे! एके काळी या शहरात कॅथलिकांवर दोन सत्ता होत्या. काही चर्च पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखाली, म्हणजे 'पाद्रोआदो'खाली. काही थेट रोमच्या 'प्रोपगांदा फीदे'खाली. एकाच गल्लीतली दोन चर्च दोन बिशपांना मानायची. भांडणं कोर्टापर्यंत जायची. १९२८ च्या करारात हे मिटलं, तेही अशा तोडग्यावर की मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. देश स्वतंत्र झाल्यावर ते अर्थातच चालणार नव्हतं. शेवटचे इंग्रज आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स स्वतःच बाजूला झाले आणि १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्या रूपाने पहिला भारतीय माणूस त्या खुर्चीवर बसला. १९५३ मध्ये तेच भारताचे पहिले कार्डिनल झाले. त्यांचा जन्म मात्र कराचीचा. इथल्या मातीतला, मराठी घरातला माणूस तिथे बसायला १९७८ उजाडावं लागलं. गणिताच्या बाईंच्या आवाजातला अभिमान मला तेव्हा कळला नव्हता, आता कळतो. त्या वेळी वसईसुद्धा मुंबईच्याच महाधर्मप्रांतात होती. तिचा वेगळा धर्मप्रांत झाला तो १९९८ मध्ये.

पिमेंटा १९८२ ते १९८८ भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेचे अध्यक्ष होते. म्हणजे नवी संहिता लागू झाली तेव्हा देशातल्या बिशपांच्या अध्यक्षपदी एक कॅनन लॉचाच डॉक्टर होता. १९८६ च्या फेब्रुवारीत पोप दुसरे जॉन पॉल भारतात आले आणि दौऱ्याच्या शेवटी मुंबईला आले, तेव्हा यजमानपद पिमेंटांकडेच होतं. २८ जून १९८८ रोजी ते कार्डिनल झाले.

आता माझी बाकी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गणिताच्या बाईंचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत निघून गेला होता. का, ते मी लिहिणार नाही. त्यांनी चर्चच्या न्यायालयात अर्ज केला होता आणि काही काळाने निकाल लागला, की हे लग्न मुळात वैध झालंच नव्हतं. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली. आणि मी, वयाने आणि नोकरीने त्यांच्या बरोबरीची, चारचौघींसमोर म्हणाले, "तुमच्यात घटस्फोट नसतो ना? मग हे बरं आहे. पाद्र्याला पैसे दिले की लग्न झालंच नव्हतं म्हणायचं!"

बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डबा माझ्याबरोबर खाणं बंद केलं. वर्षाच्या अखेरीस बोलणं सुरू झालं, पण ते 'बाई, खडू आहे का' एवढंच.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसं मी याविषयी वाचत गेले. जे वाचलं त्याने माझीच मान खाली गेली.

चर्च घटस्फोट देत नाही, हे खरं. वैध लग्न मोडता येत नाही, असा त्यांचा सिद्धान्त. पण लग्नाच्या क्षणी संमती खरी नसेल, जबरदस्ती असेल, फसवणूक असेल, मुलं नकोत असं कोणी आधीच मनात धरलं असेल, किंवा मानसिक कारणाने जबाबदारी पेलण्याची कुवतच नसेल, तर ते लग्न झालंच नाही, असं न्यायालय जाहीर करू शकतं. हे सिद्ध करावं लागतं. साक्षीदार, कागद, तज्ज्ञांचं मत, जबाब. सर्वसाधारणपणे तीन न्यायाधीश. आणि त्या खोलीत आणखी एक अधिकारी असतो, ज्याचं नाव मला फार विलक्षण वाटलं: विवाहबंधनाचा रक्षक. लग्न वैध होतं, या बाजूने जे जे म्हणता येईल ते म्हणणं हेच त्याचं काम. दोघंही पक्ष लग्न नको म्हणत असले, तरी लग्नाची बाजू मांडणारा एक माणूस तिथे हवाच! हे पद पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४१ मध्ये निर्माण केलं. म्हणजे चिमाजीअप्पांनी वसई घेतली त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. त्यांनीच आणखी एक नियम घातला, की एका न्यायालयाच्या निकालावर भागणार नाही, दुसऱ्या न्यायालयानेही तोच निकाल द्यायला हवा.

हा दुहेरी निकालाचा नियम पावणेतीनशे वर्षं टिकला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये तो काढून टाकला. ८ डिसेंबर २०१५ पासून एक निकाल पुरतो. हे काम शक्यतो विनामूल्य व्हावं, असंही त्यांनी म्हटलं. पण आमच्या बाई त्या जुन्या नियमातून गेल्या होत्या. दोनदा. आपल्या संसाराची कहाणी परक्या माणसांसमोर तपशिलाने सांगून, ती लिहून घेतली जात असताना बघत बसून. आणि मी म्हणाले, पैसे दिले की झालं.

बरं, तिथेही संपत नव्हतं. चर्चचा निकाल सरकार मानत नाही. ख्रिस्ती लग्नं १८७२ च्या कायद्याने होतात आणि घटस्फोट १८६९ च्या कायद्याने. त्या १८६९ च्या कायद्यात काय होतं पाहा. नवऱ्याला घटस्फोट हवा तर बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र नुसता व्यभिचार दाखवून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य, दोन वर्षं टाकून देणं, असलं आणखी काही सिद्ध करावं लागे. परस्परसंमतीची सोय नाही. जिल्हा न्यायालयाने हुकूम दिला तर तो उच्च न्यायालयाने कायम करायचा. हिंदूंसाठी १९५५ मध्ये नवा कायदा आला, पण या बायका इंग्रजांच्या कायद्याखालीच राहिल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की चर्चच्या न्यायालयाच्या निकालाने देशाच्या कायद्यापुढचं लग्न संपत नाही. २०१७ मध्ये तीच भूमिका पुन्हा घेतली. मधल्या काळात, २००१ मध्ये, संसदेने १८६९ चा कायदा दुरुस्त केला. स्त्री-पुरुषांना सारखी कारणं मिळाली, परस्परसंमती आली, उच्च न्यायालयाची ती पायरी गेली.

म्हणजे २००१ पर्यंत आमच्या बाई चर्चमध्ये अविवाहित होत्या आणि शाळेच्या कपाटातल्या फाइलमध्ये विवाहित. प्रॉव्हिडंट फंडाच्या अर्जावर काय लिहायचं, हा प्रश्न त्यांना दर वेळी पडायचा. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ते बघत होते आणि मला वाटायचं, या बाई एवढा वेळ का लावतात?

असो. पुन्हा पिमेंटांकडे वळते.

नव्या संहितेच्या नियमाप्रमाणे बिशपने वयाच्या ७५ व्या वर्षी राजीनामा सादर करायचा असतो. पिमेंटा १९९५ मध्ये ७५ वर्षांचे झाले आणि ८ नोव्हेंबर १९९६ रोजी पायउतार झाले. पुढे सतरा वर्षं जगले. १९ जुलै २०१३ रोजी, ९३ व्या वर्षी, मुंबईतच वारले.

गंमत पाहा, त्यांच्यामागून आलेले इव्हान डायस हे वांद्र्याचे, १९३६ चा जन्म, आणि तेही कॅनन लॉचेच डॉक्टर, रोमच्या लॅटरन विद्यापीठाचे. त्यांचं बरंचसं आयुष्य व्हॅटिकनच्या वकिलातींत गेलं. घाना, दक्षिण कोरिया, अल्बानिया. २००६ मध्ये पोपनी त्यांना रोमला बोलावून घेतलं. मग आले ओस्वाल्ड ग्रेशियस, मुंबईतच जन्मलेले. यांचीही डॉक्टरेट कॅनन लॉचीच, पिमेंटांच्याच उर्बान विद्यापीठातली. १९७६ ते १९८२ ते रोममध्ये शिकत होते, म्हणजे नवी संहिता शेवटचा हात फिरून तयार होत होती त्याच वर्षांत. परतल्यावर ते मुंबईच्या चर्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि प्रमुखही झाले. त्यांचा राजीनामा मंजूर झाला तो २५ जानेवारी २०२५ रोजी. ही तारीख वर दोनदा येऊन गेली आहे. योगायोग!

म्हणजे मधले काही महिने सोडले, तर १९७८ पासून २०२५ पर्यंत, ४६ वर्षं, मुंबईच्या कॅथलिकांचे महागुरुस्वामी ओळीने तीन कायदेपंडित होते. हे आपल्या शहरात घडत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता.

पण कायदा जाणणारा माणूस चुकत नाही, असं मी म्हणणार नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत लहान मुलांच्या संरक्षणासाठी व्हॅटिकनमध्ये जी परिषद भरली, तिच्या आयोजकांत ओस्वाल्ड ग्रेशियस होते. त्याच सुमारास बीबीसीने त्यांच्याकडे पूर्वी आलेल्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींविषयी विचारलं, तेव्हा आपण त्या अधिक चांगल्या रीतीने हाताळू शकलो असतो, हे त्यांनी मान्य केलं. शेवटचं कलम तोंडपाठ असणं वेगळं आणि समोर रडणारा माणूस बसलेला असताना ते आठवणं वेगळं. आम्हा शिक्षकांना हे सांगायला नको.

नातवाला एवढं सगळं सांगितल्यावर मी त्या नव्या पोपविषयी थोडं वाचलं. त्यांची पहिली पदवी कशातली असेल? गणितातली! पिमेंटांसारखीच. आधी गणित, मग कॅनन लॉ.

हे कोणाला सांगावं, असा विचार केला आणि एकच नाव डोळ्यांपुढे आलं. गणिताच्या बाई आता वसईला भाच्याकडे असतात. बहिणीकडून नंबर मिळवला आणि फोन लावला. आवाज तोच. मी गणिताची गोष्ट सांगितली. त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "मग यांना माझी केस चटकन समजली असती!"

मग मी विषय काढला. म्हटलं, "बाई, तेव्हा स्टाफरूममध्ये मी जे बोलले ना, ते चुकलं माझं. मला काहीच माहीत नव्हतं."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मला वाटलं, त्या विसरल्या असतील. विसरल्या नव्हत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "चर्चने निकाल दिला, सरकारनेही दिला. तुम्ही मात्र दोन्ही कोर्टांपेक्षा जास्त वेळ घेतलात."

पुढच्या महिन्यात वसईला जायचं ठरलं. डबा मी नेणार आहे.